स्वस्त कार्ड, महाग मनस्ताप

मुलगा किंवा मुलगी अ‍ॅनिमेशन शिकू लागली, की घरात ग्राफिक्स कार्डाचा विषय निघतो. परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून पुष्कळ विद्यार्थी संगणकावर लिनक्स घालतात. ब्लेंडरसारखी चलच्चित्रे बनविण्याची प्रणालीही फुकट मिळते. खर्च उरतो तो यंत्राचा, आणि त्यासाठी कुणी भिशी उचललेली असते, तर कुणी पतपेढीचे कर्ज काढलेले असते. म्हणून या वेळी आम्ही पालकांशी याच विषयावर बोलणार आहोत.

अंधेरी-बोरिवलीची मंडळी ग्रँट रोडला उतरतात, मुलुंड-घाटकोपरची दादरला गाडी बदलतात आणि सगळेच लॅमिंग्टन रोड गाठतात. नव्या कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मूळ किंमत २०,००० असेल, तर कराचेच ३,६०० रुपये झाले. मग पाय जुन्या मालाकडे वळतात. इथेरियम हे आभासी चलन कार्डांवर 'खणून' काढण्याची पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांचे पंखे झिजलेले असू शकतात.

पण कार्डाची खरी किंमत दुकानात कळत नाही. ती ड्रायव्हरवर ठरते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामधला दुभाषी. एएमडी व इंटेल यांचे दुभाषी लिनक्सच्या गाभ्यातच असतात. गाभा बदलला की तेही सोबत बदलतात. एनव्हिडियाचा मात्र बाहेरून जोडावा लागतो. गाभा पुढे गेला आणि दुभाषी मागे राहिला, की अपडेटनंतर पडदा काळा होतो, आणि नेमके दुसऱ्या दिवशी सबमिशन असते!

एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडणारा भाग खुला केला, परंतु तो २०१८ नंतरच्या कार्डांसाठी. बाजारात स्वस्त दिसणारे जीटीएक्स १०६० हे २०१६ चे. त्याला ५८० या मालिकेपर्यंतच ड्रायव्हर आहेत. ५९० पासून ते वगळले गेले. तर मग एएमडीचे जुने आरएक्स ५८० घ्यावे का? पडदा त्यावर स्थिर राहील. पण ब्लेंडरने २०२१ च्या ३.० आवृत्तीत ओपनसीएल काढून टाकल्यापासून 'सायकल्स'चे रेंडरिंग या कार्डावर होत नाही. म्हणजे एक चित्र दाखवील पण काम करणार नाही, दुसरे काम करील पण किती दिवस, हा प्रश्न.

सबब आमचे सांगणे असे. दुकानात जाण्यापूर्वी मुलांना कोणते काम करायचे आहे ते कागदावर लिहून घ्या. टायपिंग, प्रोग्रॅमिंग, साधे चित्रकाम एवढेच असेल, तर प्रोसेसरमधील ग्राफिक्स पुरते. तो पैसा रॅम आणि एसएसडीवर घाला. कार्ड घ्यायचेच असेल, तर उबुंटू भरलेला पेनड्राइव्ह सोबत न्या आणि दुकानातच संगणक त्यावर चालू करून पाहा. मात्र एनव्हिडियाच्या बाबतीत तेवढ्याने खात्री होत नाही. नेमका क्रमांक घेऊन कंपनीच्या यादीत शोधा. उबुंटूची पाच वर्षे सांभाळली जाणारी एलटीएस आवृत्तीच घाला. पक्के बिल घ्या, वॉरंटी किती उरली ते विचारा, आणि कार्डाला एसएमपीएस पुरेल का तेही.

हे शिकायला क्लासची फी भरण्याची गरज नाही. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतून विनामूल्य ऐकायला मिळतात. आई-वडिलांनीही मुलांच्या शेजारी बसून ते ऐकावेत. पैसे आपले आहेत, तेव्हा दुकानदाराला चार प्रश्न विचारण्याइतके ज्ञानही आपलेच असले पाहिजे.