जुन्या पिकअपची सलग बैठक आणि तिचे कैवारी

शिरवळच्या कारखान्यांपासून लोणंदच्या कांदाबाजारापर्यंत खंडाळा तालुक्यात जी जुनी पिकअप वाहने अद्याप इमानाने राबत आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या केबिनमध्ये मूळची सलग, बाकासारखी बैठक कायम आहे. आणि ती काढून त्या जागी भंगारात निघालेल्या एखाद्या स्कॉर्पिओच्या बकेट सीट बसवाव्यात असे चालकाच्या मनात आले, की मालकापासून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांची हरकत सुरू होते. या हरकतींचा यथोचित विचार करूनही माझे म्हणणे असे आहे, की हा बदल इष्ट आहे, नव्हे आवश्यक आहे. मात्र आज तो ज्या रीतीने उरकला जातो, ती रीत सर्वथा त्याज्य आहे.

सर्वांत जोराने मांडली जाणारी हरकत तिसऱ्या माणसाची. सलग बैठकीवर चालकाशेजारी दोघे बसतात. स्वतंत्र आसने घातली की एक जागा जाते, आणि मग हमाल न्यावा की मालाचा धनी, असा पेच पडतो, असे मालक म्हणतात. परंतु ज्या जागेसाठी हा सारा आग्रह, ती जागा म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहावे. जमिनीतून वर आलेला गिअरचा दांडा मधल्या इसमाच्या दोन गुडघ्यांमध्ये उभा असतो. दुसरा किंवा चौथा गिअर टाकताना चालकाची मूठ त्याच्या मांडीला भिडते, म्हणून तो बिचारा पाय एका अंगाला वळवून, कंबर तिरपी करून बसतो. मानेमागे आधार नाही, खांद्यावरून येणारा पट्टा नाही, आणि धरायला समोरचा डॅशबोर्ड तेवढा हाताशी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाची वळणे लागली, की गुळगुळीत झालेल्या रेक्झिनवरून शेजारच्या दोघांची शरीरे डावीकडच्या वळणाला चालकाच्या अंगावर सरकतात आणि ज्या क्षणी त्याचे हात मोकळे हवेत, नेमक्या त्याच क्षणी त्याचा डावा हात अडकतो. परतीच्या वाटेवर बोगदा संपल्यानंतर खंडाळ्याच्या अलीकडे जे कुप्रसिद्ध नागमोडी वळण आहे, त्याचा आडवा जोर किती असतो हे या भागाला नव्याने सांगायला नको. एप्रिल 2018 मध्ये विजयपूरकडील मजुरांना शिरवळकडे घेऊन निघालेला टेंपो तेथे उलटला आणि कित्येक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. त्या दुर्घटनेचा केबिनमधील बैठकीशी संबंध नव्हता, हे मान्य. पण ज्या वळणावर भरलेले वाहन तोल सोडते, तेथे चालकाच्या कुशीला व मांड्यांना धरून ठेवणारे आसन असणे ही चैनीची बाब आहे, असे कोणी म्हणू नये.

वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद निराळा आणि अधिक ममतेचा आहे: आमची हयात याच बाकावर गेली, आम्हांला काय झाले? त्यांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्या कष्टांची किंमत नाकारणे मला पटत नाही. कोणत्याही जुन्या पिकअपचे उजवे दार उघडून पाहा. बैठकीच्या ज्या अंगावर चालक रोज बसतो तिथल्या स्प्रिंगा बसलेल्या, फोम चुरा झालेला, आणि त्या खळग्यात घडी घातलेले गोणपाट किंवा जुन्या गोधडीचा तुकडा. डावे अंग मात्र बहुधा शाबूत. परिणामी चालकाचा कणा तासन्‌तास एका कुशीवर कललेला राहतो. त्यात मागचे पाटे एक-दीड टन माल पेलण्यासाठी बनविलेले असल्याने मार्केट यार्डात माल उतरवून रिकामी परतणारी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उसळते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकावे सर्वांत बाधक ठरतात, आणि ट्रक-पिकअपसारख्या वाहनांचे धक्के बरेचसे याच टापूत येतात. मध्यरात्री खंडाळ्याहून भाजी भरून पहाटे पुण्याच्या गुलटेकडीचा बाजार गाठणाऱ्या माणसाचे आसन हे त्याचे अवजार आहे. कुदळीचा दांडा मोडला तर शेतकरी तो बदलतो. मग कणा मोडणारी बैठक बदलायला हरकत कसली?

इथवर मी चालकाच्या बाजूने बोललो. आता गॅरेजमधील जाणत्यांशी माझे भांडण आहे, आणि ते अधिक कडाक्याचे आहे. नव्या आसनाचे रूळ जुन्या भोकांशी जुळत नाहीत, म्हणून लोखंडी चॅनेलचे दोन तुकडे केबिनच्या पत्र्यावर ठेवून वेल्डिंगचे चार टाके मारायचे आणि ‘हत्ती बसला तरी हलणार नाही’ असा हवाला द्यायचा, ही सर्रास चाल आहे. हत्ती बसल्याने आसनावर खाली दाब येतो. अपघातात ओढ पुढे आणि वर लागते, हा भेदच या हवाल्यात विसरला जातो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर 70 किलोच्या माणसाला रोखून धरण्यास सरासरी 1400 किलो वजनाइतका जोर लागतो. शिवाय पुष्कळ मोटारींच्या बकेट सीटमध्ये पट्ट्याची कडी आसनाच्याच सांगाड्याला जडलेली असते. म्हणजे त्या जोराचा मोठा हिस्सा आसनाच्या बोल्टांवाटे जमिनीच्या पत्र्यात उतरतो. वर्षानुवर्षे पावसाचे पाणी मुरून गंजलेला पातळ पत्रा वेल्डिंगच्या आचेने आणखी ठिसूळ होतो आणि टाक्याच्या कडेने फाटतो. तेव्हा पत्र्याच्या खालच्या बाजूने रुंद, जाड पोलादी पट्टी देऊन, उच्च प्रतीचे बोल्ट आरपार घालून आसन कसावे. पत्रा गंजला असेल तर आधी तो बदलावा. आसनाची उंचीही जुन्याइतकीच राखावी, नाहीतर क्लच दाबताना गुडघा स्टिअरिंगला लागतो.

कायद्याची हरकत मात्र खरी आहे, तिला बगल देता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद वा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तजवीज झाली. दाखल्यात आसनसंख्या नमूद असते. म्हणून ज्याला तिसरी जागा खरोखरच हवी आहे त्याने चालकापुरते स्वतंत्र आसन घेऊन शेजारी दोघांची आखूड बैठक ठेवावी. आणि कोणताही मार्ग पत्करला तरी साताऱ्याच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी अर्ज करून उत्तर हाती आल्यावरच पाना हाती घ्यावा.

आठ वर्षांहून जुने मालवाहू वाहन योग्यता-तपासणीसाठी दरवर्षी परिवहन खात्यापुढे उभे राहतेच. निरीक्षक दिवे पाहतो, ब्रेक पाहतो. त्याच वेळी त्याने केबिनच्या पत्र्याखाली वाकून आसनाचे बोल्ट व पट्टी तपासावी, चालकाची बैठक खचलेली असल्यास ती बदलल्याखेरीज दाखला देऊ नये, आणि रीतसर बसविलेल्या आसनाची नोंद करून घेण्याचा सोपा नमुना खात्याने जाहीर करावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.