नागपूर-मुंबई दीड तास? कोणाचा?

नागपूर-मुंबई हवाई अंतर सातशे किलोमीटरच्या आतच. विमानाला लागतो साधारण दीड तास. खरंय. पण मी पडलो वर्ध्याचा! मागच्या महिन्यात आईचे रिपोर्ट घेऊन परळला जायचं होतं. वर्धा ते सोनेगाव विमानतळ दीड तास. दोन तास आधी हजेरी. उड्डाण दीड तास. मग बॅग, टॅक्सीची रांग आणि परळपर्यंतचं ट्रॅफिक, दोन तास धरा. झाले की सात! समृद्धीनं ७०१ किलोमीटरला आठ तास सांगतात, टोल वेगळा.

त्यापेक्षा आपली विदर्भ एक्स्प्रेस बरी. संध्याकाळी वर्ध्याला बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. वेळ जास्त लागतो, पण तो झोपेत जातो आणि खिसाही वाचतो. मी आधी तेच तिकीट काढलं होतं. वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही, म्हणून ऐनवेळी विमान. त्या पैशात आईची महिन्याची औषधं आली असती.

नव्या विमानाच्या बातमीखाली टाळ्या वाजवता ना, मग खासदारांना एवढंही विचारा: रात्रीच्या गाड्यांना स्लीपरचे डबे कधी वाढवताय?