नवे कार्ड नको, एसएसडी घ्या

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला दाराशी एवढी रांग का लागली, असे बऱ्याच जणांनी विचारले. मंडळाच्या कपाटातला तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक त्या संध्याकाळी सुरूच होईना. सभासदांची यादी त्यात होती; ती वहीवरून पुन्हा तयार केली. पण कॅसेटींवरून उतरवून घेतलेले जुने कार्यक्रमही त्याच नखाएवढ्या एसडी कार्डावर होते आणि ते कार्डच गेले होते. कॅसेटी पुन्हा वाजवून बहुतेक सगळे मिळाले. एका कॅसेटची फीत मात्र या खेपेस अडकून तुटली. तिच्यात १९८८ च्या संक्रांतीला एका आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्यांच्या नातवंडांना काय सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.

खजिनदार म्हणतात, नवे कार्ड घाला, स्वस्तात काम होते. मला हे पटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमसकट सगळेच एसएसडीवर हलवावे.

अशा कार्डात माहिती साठते ती विद्युतरोधक थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. पुसून पुन्हा लिहिताना ते ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून जबरदस्तीने ओढावे लागतात आणि दर वेळी तो थर थोडा झिजतो. कॅमेऱ्यात हे जाणवत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र आपण झोपलो तरी काहीबाही नोंदी लिहीतच असते. त्यात हॉल बंद करताना कोणी सरळ वीजच बंद केली (हे पाप मीही केले आहे), की लिहिणे अर्धवट राहते. एसएसडीतही इलेक्ट्रॉनच असतात, तीही अमर नव्हे. पण तिच्यात राखीव जागा जास्त असते आणि झीज सगळीकडे वाटून देण्याची व्यवस्था अधिक चांगली असते. वेगाचा फायदा वेगळाच. आपल्या पाय ४ वर कार्डाचे वाचन सेकंदाला चाळीसेक मेगाबाइट, तर यूएसबी ३ मधून एसएसडीचे तीनशेच्या वर जाते.

काम अवघड नाही. संगणकातच एसडी कार्ड कॉपियर नावाचा प्रोग्राम आहे. एसएसडी निळ्या पोर्टात लावून कार्डाची नक्कल तिच्यावर करायची (तिच्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते), संगणक बंद करून कार्ड काढायचे आणि पुन्हा सुरू करायचा. मंडळाचा पाय २०१९ चा आहे, म्हणून त्याचा बूटलोडर आधी अद्ययावत करावा लागेल. घरच्या संगणकावर मी हे केले, तेव्हा फसलो ते विजेच्या बाबतीत. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यामुळे कमी वीज खाणारीच एसएसडी हवी आणि चार्जर फोनचा चालणार नाही.

खजिनदारांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे: एसएसडीही एक दिवस जाईल. म्हणून ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी ठेवावी. दोन्हींचा खर्च मिळून आपल्या एका कार्यक्रमाच्या बटाटेवड्यांपेक्षा कमी आहे. पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे, सभासदांनी हजर राहावे.

आणि एक विनंती. १९८८ च्या त्या संक्रांतीला कोणी स्वतःचा टेपरेकॉर्डर आणला होता का? बेसमेंटमधली खोकी एकदा उघडून पाहा. कॅसेट सापडली तर कृपया वाजवू नका, तशीच माझ्याकडे आणून द्या.