गणित घेऊन पुढे काय?

बारावीच्या निकालानंतर चामटोली-बदलापूरकडचे पालक विचारतात, "सर, मुलगी गणितात बीएस्सी करू म्हणते. मास्तरकीपलीकडे काय मिळणार?" मी स्वतः मास्तर, त्यामुळे प्रश्न टोचतोच. देवळालीचे द. रा. कापरेकरही शाळामास्तरच होते. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' त्यांच्यामुळे जगाला कळला.

तरी रोजीचे बोलू. विम्याचे हप्ते किती असावेत याचा हिशेब ॲक्चुअरी करतो. त्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढचे पेपर कठीण, काही वर्षे जातात, पण नोकरी करत देता येतात. बीएस्सीला संख्याशास्त्र असेल तर लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवाही आहे. म्हणून विषय निवडताना संख्याशास्त्र सहसा सोडू नये. एमएस्सीसाठी कुर्ल्याला उतरून कालिना गाठता येते, मुंबई विद्यापीठ तिथेच. 'जॅम' परीक्षा चांगली गेली तर पवईचे आयआयटी.

"मुलगी एवढ्या लांब लोकलने जाणार?" हा प्रश्न अम्मींचा. मुलगा असता तर विचारला असता का?

मुलीला मात्र एक विचारा: प्रमेयाची सिद्धता लिहायला आवडते का? कॉलेजात आकडेमोड कमी, सिद्धता जास्त असते. दहावीला शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलेही तिथे अडखळतात.