कात्री लावण्याआधी

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शाळाशाळांतून मुलांच्या प्रयोगांचे व्हिडिओ तयार होऊ लागतात. त्यातल्या अनेकांत निवेदन पाठ केलेले असते, निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी होतो. विज्ञान शिक्षकांना आमची कळकळीची विनंती आहे : मोबाइलचा कॅमेरा आधी निरीक्षणासाठी वापरा, सादरीकरण नंतर.

आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रयोग घ्या. बशीत रंगीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, तिच्यावर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढते आणि मूल सांगते, ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली.’ हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असल्याने हे उत्तर पटतेही.

हाच प्रयोग एका सलग शॉटमध्ये टिपा आणि मुलांना तो सावकाश, पुन्हा पुन्हा पाहू द्या. ग्लास ठेवल्यावर काठाखालून बुडबुडे निसटताना बहुधा दिसतील. ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही. ती विझू लागली की झपाट्याने चढते. ऑक्सिजन हळूहळू वापरला जात होता, तर पाणी तसेच हळूहळू का चढले नाही? तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर जाते. ग्लास तर तोच! तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर गेली, उरलेली थंड होताच आतला दाब घटला आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकलले, या उत्तराकडे मुले अशी पुराव्यानिशी येतात. ज्योत विझल्यावरही ग्लासात बराच ऑक्सिजन उरतो, हेही मग पटवून देता येते.

यासाठी महाग साधने लागत नाहीत. पुस्तकांच्या थप्पीला टेकवून मोबाइल स्थिर ठेवा. ग्लासाला मोजपट्टी लावा, चौकटीत सेकंदकाटा असलेले घड्याळ येऊ द्या. सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचा अंदाज त्याच्याच आवाजात नोंदवा. फसलेला प्रयत्न पुसू नका. ज्योतीजवळ मोठे माणूस हवेच.

आणि गुण देताना आवाज, प्रकाशयोजना, संकलन यांच्याआधी मुलाला एक प्रश्न विचारा : हा व्हिडिओ पुन्हा पाहताना तुझे कोणते मत बदलले? त्याचे उत्तर व्हिडिओतच असले पाहिजे.