‘सगळे सारखेच’ ही पळवाट बंद करा!

येत्या सोमवारी, 13 मे 2024 रोजी, मावळ लोकसभा मतदारसंघात मतदान आहे. खोपोलीजवळच्या आमच्या साजगावात मात्र ही निवडणूक फक्त भोंग्यावर ऐकू येते, माणसांत कुठे दिसत नाही. खोपोलीच्या रिक्षा स्टँडवर विचारा, ढेकूच्या कारखान्यातून पाळी सुटून टपरीवर टेकलेल्या कामगाराला विचारा, ताकईच्या देवळापुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. उत्तर ठरलेले. ‘‘सगळे सारखेच. कोणालाही टाका, आपल्याला काय फरक पडतो?’’ एवढे बोलून माणूस मोठे ब्रह्मज्ञान सांगितल्याच्या थाटात चहा संपवतो आणि चालू लागतो. आम्हाला आज त्या माणसाशीच भांडायचे आहे. पुढाऱ्यांशी भांडून झाले. त्यांची कातडी गेंड्याची आहे.

त्याचे म्हणणे बिनबुडाचे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 2014 साली आमचे खासदार श्रीरंग बारणे शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे होते आणि शेकापच्या पाठबळावर लक्ष्मण जगताप त्यांच्या विरोधात होते. 2019 पर्यंत जगताप भाजपचे आमदार, म्हणजे बारणेंच्याच युतीत! त्या वर्षी बारणेंनी पार्थ पवारांना दोन लाखांहून अधिक मतांनी पाडले. आज त्याच पार्थचे वडील, उपमुख्यमंत्री अजित पवार, त्याच बारणेंसाठी मते मागत आहेत. समोरचे संजोग वाघेरे गेल्या डिसेंबरपर्यंत राष्ट्रवादीत होते, आता त्यांच्या हाती उद्धव ठाकरेंची मशाल आहे. आमचे आमदार महेंद्र थोरवे 2014 साली शेकापकडून लढले, 2019 साली शिवसेनेकडून जिंकले आणि 2022 साली बंडखोरांबरोबर गुवाहाटीला गेले. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत मोदींची लक्तरे वेशीवर टांगणारे राज ठाकरे यंदाच्या गुढीपाडव्याला त्यांनाच बिनशर्त पाठिंबा देऊन मोकळे झाले. हे सारे पाहिलेल्या मतदाराने कपाळावर हात मारला तर त्याला कोण नावे ठेवील?

आणि कायदा? पक्षांतरबंदी आली 1985 साली. एक तृतीयांश आमदार घेऊन फुटण्याची मुभा 2003 च्या दुरुस्तीने गेली. पण महाराष्ट्राची माती सुपीक! इथे नवी युक्ती उगवली: ‘आम्ही फुटलोच नाही, मूळ पक्ष आम्हीच’ असे सांगायचे. जून 2022 मध्ये शिवसेना दुभंगली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी. विधानसभा अध्यक्षांनी यंदाच्या जानेवारीत आणि फेब्रुवारीत दोन्हींचे निकाल दिले. अपात्र आमदार किती? दोन्हीकडे शून्य. पक्ष दोन फुटले, पक्षांतर मात्र एकानेही केले नाही!

पण बाबांनो, एवढे कळूनही तुम्ही करता काय? खांदे उडवता. पुढाऱ्याला याहून सोयीचा मतदार दुसरा कोणता? ज्याने ‘सगळे सारखेच’ म्हटले त्याने जाब विचारण्याचा हक्क आपणहून सोडला. मग रात्री दारात पाकीट आले की तोच म्हणतो, निदान एवढे तरी मिळाले. लाच देणारा जितका गुन्हेगार तितकाच घेणारा, हे कायद्यात लिहिलेले आहे. पण लक्ष्मीदर्शन म्हटले की पाप धुऊन निघते, अशी आपली समजूत!

कार्तिकी एकादशीला साजगावची यात्रा भरते. बोंबल्या विठोबाच्या त्या बाजारात आमच्या बायका सुके बोंबील कसे घेतात ते एकदा पाहा. वाटा उलटा करतात, एक मोडून बघतात, नाकाशी धरतात, ओलसर लागला तर तोंडावर फेकून पुढच्या पाटीकडे जातात. सगळ्या कोळणी सारख्याच, म्हणून डोळे मिटून पिशवी भरणारी बाई आम्ही अजून पाहिलेली नाही. वर्षभराच्या कालवणासाठी एवढी चिकित्सा आणि पाच वर्षांच्या खासदारासाठी नुसती जांभई?

2009 साली या मतदारसंघाची पहिली निवडणूक झाल्यापासून प्रत्येक खासदार पिंपरी-चिंचवडचा. 25 लाखांहून अधिक मतदारांत घाटाखालचे कर्जत-खालापूर हे शेपूट. शेपटाने ओरडायचे नाही असे ठरवले, तर धडाला ते आठवणार कशाला?

इर्शाळवाडी आठवते? 19 जुलै 2023 च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले. 57 माणसे सापडलीच नाहीत, शोध थांबवून त्यांना मृत ठरवावे लागले. मुख्यमंत्री पायी डोंगर चढून गेले, ते श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. म्हणजे यादी चुकीची होती. मग आज ती सुधारली का? डोंगराच्या कुशीतल्या उरलेल्या ठाकूरवाड्यांचे, कातकरीवाड्यांचे या पावसाळ्यात काय होणार? महिन्याभरात पाऊस लागेल. या प्रचारात हा प्रश्न कोणत्या सभेत, कोणत्या मतदाराने उभे राहून विचारला? हार घालायला मात्र पन्नास जण पुढे धावले!

आणि ज्यांनी हा प्रश्न विचारायला हवा ते इथे नाहीतच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 2004 पासून महाराष्ट्रात लोकसभेची प्रत्येक निवडणूक एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे भट्टी ऐन भरात असताना! मतदार यादीत नाव वाडीवर, माणूस भट्टीवर. मालकाने गाडी दिली तर तो मताला येणार, आणि ती गाडी कोणत्या चिन्हाची असेल हे आम्ही सांगायला नको. परदेशातल्या सरकारी नोकराला टपालाने मत देता येते. भट्टीवर विटा थापणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्या वतीने ब्र काढायचे सोडून, ज्याच्या घरापासून केंद्र हाकेच्या अंतरावर आहे तो म्हणतो, काय फरक पडतो! शरम वाटली पाहिजे.

कोणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. तो धंदा करणारी वर्तमानपत्रे पुष्कळ आहेत. शनिवारी संध्याकाळी सहाला प्रचार थांबेल. तोवर ज्या पक्षाची जीप साजगावात शिरेल ती अडवा. शिव्या देऊ नका, हारही घालू नका. कागद पुढे करा. त्यावर तीन ओळी असू द्या: निवडून आल्यावर पक्ष सोडला, तर त्याच दिवशी खासदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा मते मागायला येईन, खालापूर-कर्जतच्या डोंगराखालच्या प्रत्येक वाडीची नव्याने पाहणी पावसाळ्यापूर्वी करून घेईन, भट्टीवरच्या मजुराला तिथूनच मत देता यावे म्हणून संसदेत विधेयक मांडीन. खाली उमेदवाराची सही, कार्यकर्त्याची नव्हे. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाला तर साहेबांचा फोन तिथल्या तिथे लावायला सांगा. सही मिळाली तर कागद देवळाच्या फळ्यावर लावा. नाही मिळाली तर कोरा कागद लावा, आणि त्यावर ठळक अक्षरांत पक्षाचे नाव घाला.