चित्राखालचं नाव

गेल्या वर्षी एका शालेय चित्रप्रदर्शनात माझ्या सहावीतल्या विद्यार्थ्याचं चित्र लागलं होतं. उंबऱ्यात बसलेला मुलगा आणि त्याला खेटून काळी शेळी. एका सरांनी खालचं नाव वाचलं आणि म्हणाले, "बकरी ईद दिसतेय!" दोघं-तिघं हसले. पोरगं शेजारीच उभं होतं.

सरांनी नाव वाचलं, चित्र वाचायचं राहूनच गेलं. चित्रात दावं जमिनीवर सैल पडलंय, ते कुणी धरलेलं नाही. म्हणजे शेळी आपणहून बसलीय. मुलाचा गाल तिच्या मानेला टेकलाय. मागचं दार बंद, दोघांची नजर रस्त्याकडे. कुणीतरी यायचंय, तोवर या दोघांना एकमेकांचीच सोबत. पोरानं इतकं रंगवलं, आणि बघणाऱ्यांना दिसली सुरी, जी चित्रात नव्हतीच.

ही आपली उस्मानाबादी शेळी. जिल्हा २०२३ मध्ये धाराशिव झाला, शेळीच्या जातीचं नाव तेच राहिलं. येरमाळ्यात ती सगळ्या जातीधर्मांच्या दारात असते. ईदला कुर्बानी होते, मी लपवत नाही. जावळाला, जत्रेलाही बोकड कापतात. पण खाली दुसरं नाव असतं, तर हेच चित्र "किती गोड" ठरलं असतं. सतराव्या शतकात स्पेनच्या मुरिल्योनं कोकराला कवेत घेतलेला बाल योहान रंगवला. ख्रिस्ती परंपरेत कोकरू बलिदानाचंच प्रतीक आहे. तरी त्या मुलाला कुणी कसाई म्हणत नाही.

आता आपल्या घरात येऊ. "जानदाराची तस्वीर कशाला काढतोस?" म्हणून त्याच पोराला घरच्या एका वडीलधाऱ्यानं दटावलं. या मसल्यावर उलेमांचे मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही. पण अबू उमैरची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्या लहानग्याचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्याचा उतरलेला चेहरा पाहून पक्ष्याची विचारपूस केली. आधी पोराचं मन पाहिलं. आपल्याला तेवढंही जमू नये?

मी त्याला विचारलं, "कुणाची वाट बघताय रे दोघं?"

"अम्मीची. खुरपायला गेलीय."

यंदाही त्यानं चित्र दिलंय. डोंगर, सूर्य, दोन झाडं. शेळी नाही, मुलगाही नाही.